खळ, चीक आणि तंतू : पिष्टपटलांच्या दृढीकरणाचा इतिहास

पिष्टास इंग्रजीत ‘स्टार्च’ व जर्मन भाषेत ‘श्टेर्के’ म्हणतात. या दोन्ही शब्दांचे मूळ ताठरपणा व बळ या अर्थांच्या जुन्या जर्मानिक शब्दांपाशी जाऊन पोहोचते. कापडास जी ताठपणा आणते ती वस्तू स्टार्च, असा त्या नावाचा सरळ अर्थ होय. परंतु गेल्या पाव शतकात या पदार्थाविषयी जे संशोधन प्रसिद्ध होत आले आहे त्यातील एका मोठ्या शाखेचा प्रश्न नेमका उलट आहे. पिष्टापासून तयार केलेले पातळ पटल दुबळे ठरते, ओलाव्याने लिबलिबीत होते व वाळले की तडकते. तेव्हा त्यास बळ कशाने द्यावे, असा तो प्रश्न. आणि त्याचे उत्तर म्हणून जे पदार्थ पुढे आले त्यांत अग्रस्थान सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंचे आहे. ज्या तंतूला पिष्टाने दोन हजारांहून अधिक वर्षे बळ दिले, त्याच तंतूकडे आता पिष्ट बळ मागावयास आले आहे. हा पालट एका शोधाने घडून आलेला नाही. त्याचे धागे पाकशाळा, विणकरांचा माग, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आणि अलीकडील कचऱ्याचे राजकारण अशा चार ठिकाणांहून आलेले आहेत.

प्रथम नावांकडे पाहू. लॅटिन ‘अमायलम’ हा शब्द ग्रीक ‘अमायलोन’वरून आला असून त्याचा अर्थ ‘जात्यावाचून केलेले’ असा आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात प्लिनीने ही व्युत्पत्ती दिली आहे व या वस्तूच्या शोधाचे श्रेय त्याने किऑस बेटास दिले आहे. त्याच्याही सुमारे दोनशे वर्षे आधी कॅटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात तिची कृती लिहून ठेवली. गहू निवडून स्वच्छ करावा, कुंडात घालून दिवसातून दोनदा पाणी द्यावे, दहाव्या दिवशी पाणी काढून तो कुस्करावा, नव्या तागाच्या फडक्यातून त्याचे दूध पिळून घ्यावे आणि ते भांडे उन्हात ठेवून वाळवावे, अशी ती कृती आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीस यात नवे असे काहीच वाटणार नाही. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजत घालणे, रोज पाणी बदलणे, वाटून व गाळून चीक काढणे आणि तो खाली बसला की वरचे पाणी अलगद ओतून टाकणे, हीच ती क्रिया. फरक असलाच तर तो दिवसांच्या संख्येत व वाटण्याच्या साधनात आहे. मराठीने तिच्या फलितास ‘चीक’ म्हटले, म्हणजे झाडाच्या दुधासारख्या रसाचे व व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधाचे जे नाव तेच यास दिले. फारसीने ‘निशास्ता’ म्हटले, म्हणजे ‘खाली बसलेले’. एकाच कृतीतील निरनिराळ्या क्षणांवर निरनिराळ्या भाषांची दृष्टी खिळली: ग्रीकांची जाते न लागण्यावर, फारसीची साका बसण्यावर, मराठीची पांढऱ्या द्रवावर. जर्मानिक भाषांनी मात्र कृती सोडून उपयोग पाहिला. मराठीतही उपयोगाचे नाव वेगळे आहेच. कापडास व कागदास लावण्याची ती ‘खळ’. स्वयंपाकघरातील चीक व विणकराकडची खळ ही मुळात एकच वस्तू आहे, हे भाषेने कोठेही सुचविलेले नाही.

खळीचा इतिहास हा दृढीकरणाच्या इतिहासाचा पूर्वार्ध होय. पपायरसच्या पट्ट्या चिकटविण्याची लुकण प्लिनीने सांगितली आहे: उत्तम पीठ, उकळते पाणी आणि थोडासा शिर्का. कागदाच्या बाबतीत अधिक निर्णायक पुरावा एकोणिसाव्या शतकात मिळाला. इजिप्तमधील फायूम येथे सापडलेल्या जुन्या अरबी कागदांचे व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्रज्ञ यूलिउस व्हीस्नर यांनी १८८०नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले, तेव्हा ते कागद चिंध्यांच्या तंतूंचे असून त्यांवर पिष्टाची खळ चढविलेली आहे असे आढळून आले. आपल्याकडील हातकागदासही खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटण्याची रीत होती. घोटलेल्या कागदावर शाई फुटत नसे, बोरू अडखळत नसे. मागावर चढवावयाच्या ताण्यालाही खळ द्यावी लागते; ती न दिल्यास फणीच्या घर्षणाने धागे पिंजून तुटू लागतात. या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान आहे. भार सोसतो तो तंतू, आणि पिष्ट तंतूस तंतू जोडून ठेवते.

या पूर्वार्धातील एक प्रकरण येथे मुद्दाम नमूद करावयास हवे, कारण पुढील घडामोडींची ते विलक्षण पूर्वछाया ठरते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासली, आणि कापडाचे वजन भरून काढण्यासाठी खळीत चिनी माती मिसळण्याची प्रथा तेथे बळावली. युद्ध संपल्यावरही ती गेली नाही. हिंदुस्थान व चीन येथे पाठविण्याच्या कापडात अशी जड खळ विशेष भरली जाई, आणि समुद्रप्रवासात त्या कापडावर बुरशी चढल्याच्या तक्रारी येत. पिष्ट व माती यांचा मेळ त्या काळी लबाडीचा मानला गेला व तो तसा होताही. १४० वर्षांनंतर हाच मेळ आदरणीय संशोधनाचा विषय झाला.

रसायनशास्त्राचा प्रवेश एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे किर्शहोफ यांनी पिष्ट आम्लाबरोबर उकळून त्यापासून साखर मिळविली. १८१४ मध्ये कोलँ व गोतिए द क्लोब्री यांनी आयोडीनने पिष्ट निळे होते हे दाखविले. हीच कसोटी पुढे व्हीस्नर यांच्यासारख्या शोधकांच्या हाती आली. १८३८ मध्ये आन्सेल्म पाया यांनी लाकडातून एक चिवट द्रव्य वेगळे केले आणि त्याची मूलद्रव्यघटना पिष्टासारखीच असल्याचे दाखवून दिले. त्या द्रव्यास ‘सेल्युलोज’ हे नाव मिळाले. खळ आणि तंतू ही दोन्ही एकाच घटकाची, म्हणजे ग्लुकोजची बनलेली आहेत, या शोधाचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नसावे. दोहोंत भेद आहे तो जोडणीचा. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे घटक आळीपाळीने उलटेसुलटे जोडले गेल्याने साखळी सरळ राहते व शेजारच्या साखळ्यांशी घट्ट बांधली जाते. पिष्टातील जोडणीमुळे साखळीस मळसूत्रासारखे वळण पडते. शिवाय पिष्ट हे एक द्रव्य नसून दोन द्रव्यांचे मिश्रण आहे, हे १९४० मध्ये कुर्ट मायर व त्यांचे सहकारी यांनी स्पष्ट केले. यांपैकी अमायलोज बहुतांशी अशाख असते, तर अमायलोपेक्टिन दाट फांद्यांचे असते. सामान्य पिष्टात पहिल्याचे प्रमाण शेकडा २० ते ३० असते. फांद्यांचा गुंता पाण्यात लवकर मऊ पडतो. सरळ साखळ्या मात्र एकमेकींलगत बसून बऱ्यापैकी चिवट पटल देतात. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने १९५१ मध्ये शुद्ध अमायलोजची पटले तयार केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यामागील तर्क हाच होता.

पटल तयार करण्याची प्रयोगशाळेतील रीत पाहिली तर ती पळीपापडाहून फार वेगळी नाही. पाण्यात पिष्ट तापवावे, कण फुगून फुटले व द्रव पारदर्शक झाला की तो सपाट पृष्ठावर पातळ ओतावा आणि वाळू द्यावा. पळीपापड वाळल्यावर काचेसारखा तडकतो. त्याच्या बाबतीत तो गुणच आहे, कारण तो पुढे तळावयाचा असतो. पिशवी किंवा वेष्टन करावयाचे तर हा ठिसूळपणा घालवावा लागतो, म्हणून द्रवात ग्लिसरीनसारखे मृदुकारी द्रव्य घालतात. त्याचे लहान रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्यांची परस्परांवरील पकड सैल होते, पटल वाकू लागते. पण पकड सैल झाली की बळही जाते. त्यात ग्लिसरीन स्वतः पाणी ओढून घेणारे, आणि पाणी हेही एक मृदुकारी द्रव्यच. त्यामुळे पावसाळ्यात पटल लोळागोळा होते, कोरड्या हवेत कडक होते. याखेरीज तिसरी अडचण काळाची आहे. शिळी भाकरी कडक होते ती केवळ पाणी उडून गेल्याने नव्हे. पिष्टाच्या साखळ्या पुन्हा एकत्र येऊन त्यांचे स्फटिक बनू लागतात म्हणून. शिळ्या पावाविषयी डच शास्त्रज्ञ काट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या क्रियेचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धापूर्वीच केला होता. पिष्टाचे पटलही असेच शिळे होते. साठवणीत त्याची लवचीकता आठवड्याआठवड्याने कमी होत जाते.

या अडचणींना वळसा घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७०नंतरच्या दशकात झाला. इंग्लंडमधील ब्रुनेल विद्यापीठात जेराल्ड ग्रिफिन यांनी पिष्टाचे कोरडे कण पॉलिथिनमध्ये भरणद्रव्य म्हणून मिसळले. येथे पिष्टावर पटलाचा भार नव्हताच. तो पॉलिथिनवर होता. जमिनीतील सूक्ष्मजंतू पिष्टाचे कण खाऊन टाकतील व उरलेली चाळण भुगा होऊन जाईल, ही त्यामागील अपेक्षा. १९८०नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशा व तत्सम पिशव्या अमेरिकेत ‘विघटनशील’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या आणि १९९० मध्ये अशा जाहिरातींवरून तेथील काही राज्यांच्या महाअधिवक्त्यांनी खटले दाखल केले. भाषेच्या अभ्यासकास हे प्रकरण विशेष बोधक वाटावे. तुकडे होणे आणि जैव रीतीने पाणी व कर्बद्विप्राणिल वायू यांत रूपांतर होणे या दोन क्रिया अगदी भिन्न आहेत. एका विशेषणाने दोन्ही झाकल्या गेल्या आणि त्या आडोशास व्यापार चालला. पॉलिथिनचा भुगा हा पॉलिथिनच राहतो, किंबहुना तो गोळा करणे अधिक अवघड होऊन बसते.

यापुढील वाट पिष्टासच मुख्य द्रव्य मानण्याची होती. पिओरिया येथे फेलिक्स ओटी यांनी पिष्ट व एका संश्लिष्ट बहुवारिकाची मिश्र पटले शेतातील आच्छादनासाठी बनविली. १९८७च्या सुमारास युरोपातील संशोधकांनी पिष्ट, पाणी व मृदुकारी द्रव्य यांस उष्णता व दाब देऊन ते प्लॅस्टिकच्या यंत्रांतूनच ओतता येते हे दाखविले. १९९०च्या आसपास इटलीत पिष्ट आणि जैवविघटनशील पॉलिएस्टर यांचे मिश्रण बाजारात आले व टिकले. आज दुकानांत दिसणाऱ्या पिष्टाधारित पिशव्या बहुतेक याच कुळातील आहेत. म्हणजे बाजाराने दुबळ्या पिष्टास बलवान जोडीदार दिला. प्रयोगशाळांनी मात्र अधिक कठीण प्रश्न हाती घेतला. जोडीदार न घेता पिष्टास आतूनच बळकटी आणता येईल काय?

त्याचे साहित्य फार पूर्वीच तयार झाले होते. स्वीडनमध्ये उप्साला येथे बेंग्ट रोन्बी यांनी १९४९ मध्ये सेल्युलोजवर गंधकाम्लाची क्रिया करून त्यातील मऊ, अव्यवस्थित भाग विरघळविले. मागे उरले ते सुयांच्या आकाराचे स्फटिक, पाण्यात तरंगत राहणारे. १९६२ मध्ये जपानमधील साकुरादा व सहकारी यांनी सेल्युलोज-स्फटिकाची त्याच्या लांबीच्या दिशेतील ताठरता सुमारे १३७ गिगापास्काल मोजली. पोलादाची सुमारे २०० असते. पण पोलाद सेल्युलोजच्या जवळजवळ पाचपट जड आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत टरबॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाचा लगदा प्रचंड दाबाखाली अरुंद छिद्रातून वारंवार दवडून तंतूंचे तंतुक सुटे केले. हे सर्व घडत असता या कणांचा उपयोग बहुधा औषधी गोळ्या, खाद्यपदार्थ व लेप यांत दाटपणा आणण्यापुरताच कल्पिला जात होता. ‘नॅनो’ हा उपसर्ग, ज्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘खुजा’ असा आहे, मापनपद्धतीत १९६० मध्ये अब्जांशासाठी अधिकृत झाला. पण या तंतुकणांस तो चिकटावयास आणखी तीन दशके जावी लागली.

विचारांना कलाटणी दिली ती जपानमधील एका मोटार-कारखान्याच्या संशोधनशाळेने. १९८०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे नायलॉनमध्ये मॉन्टमोरिलोनाइट या मातीचे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे थर सुटे करून पसरविण्यात आले, आणि शेकडा चारपाच मातीने नायलॉनची ताठरता सुमारे दुप्पट झाली. नेहमीच्या भरणद्रव्याच्या हिशेबात हे बसत नव्हते. कण जितका लहान तितके त्याच वजनामागे पृष्ठफळ अधिक. त्यामुळे बहुवारिकाचा मोठा अंश कोणत्या ना कोणत्या कणाच्या सान्निध्यात येतो, असे त्याचे स्पष्टीकरण. १९९५ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथील फाव्हिए, शांझी व काव्हाये यांनी ट्युनिकेट नावाच्या समुद्रजीवांच्या आवरणातून मिळविलेल्या सेल्युलोज-स्फटिकांचा रबरी बहुवारिकात असाच प्रयोग केला. येथे कारण आणखी एका पायरीने पुढे जाते. सुया एका विशिष्ट प्रमाणापलीकडे गेल्या की त्या एकमेकींना स्पर्श करून पटलभर जाळे विणतात, आणि हायड्रोजन-बंधांनी बांधलेले ते जाळेच भार सोसते. बारीक व लांब सुयांच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा एकदोन इतकेही कमी असू शकते.

१९९८ मध्ये त्याच शहरातील आलँ द्युफ्रेन व मिशेल व्हिन्यों यांनी हे जाळे पिष्टात विणले. त्यांनी निवडलेले साहित्य पाहण्याजोगे आहे. पिष्ट बटाट्याचे, आणि तंतुकही बटाट्याचेच. बटाट्यातून पिष्ट काढून घेतल्यावर कारखान्यात जो चोथा उरतो त्याच्या पेशीभित्तींतून ते मिळविले होते. तंतुकांनी पटलाची ताठरता वाढली, पाणी शोषून घेण्याची प्रवृत्ती घटली, आणि दोन्ही घटक वनस्पतिजन्य असल्याने विघटनशीलतेस बाध आला नाही. सेल्युलोज व पिष्ट यांचे घटक एकच असल्याने परस्परांस चिकटण्यासाठी त्यांना तिसऱ्या द्रव्याची गरज नव्हती. ज्या बंधांच्या आधारे खळ ताण्याला धरून ठेवते, त्याच बंधांनी येथे तंतूने खळ धरून ठेवली.

येथपर्यंतची कथा विजयाची वाटते. पुढचे टप्पे अधिक सावध करणारे आहेत. २००० व २००१ मध्ये आंग्लेस व द्युफ्रेन यांनी मक्याच्या अमायलोपेक्टिनप्रधान पिष्टात ग्लिसरीन घालून समुद्रजीवांपासूनचे स्फटिक मिसळले. ग्रनोबलच्या आधीच्या प्रयोगावरून मोठ्या लाभाची अपेक्षा होती. प्रत्यक्ष लाभ तीहून कमी भरला. कारण शोधता असे दिसले की मृदुकारी द्रव्य पटलात सर्वत्र सारखे न राहता सेल्युलोजच्या पृष्ठाभोवती गोळा होते. ज्या सांध्यांवर जाळ्याची मदार तेच सांधे मऊ पडतात. मातीच्या बाबतीतही हाच अनुभव आला. २००१ मध्ये ब्राझीलमधील कार्व्हाल्यो व सहकारी यांनी पिष्टात केओलिन, म्हणजे लँकेशायरची ती चिनी माती, मिसळून ताणबळ ५ पासून ७.५ मेगापास्कालपर्यंत व ताठरता १२० पासून २९० मेगापास्कालपर्यंत वाढविली. परंतु मातीचे थर सुटे करून नॅनो-परिमाणाचा लाभ घेऊ पाहणाऱ्या नंतरच्या प्रयोगांत ग्लिसरीनचे चपळ रेणू थरांमध्ये आधी शिरतात आणि पिष्टाच्या अवजड साखळ्या बाहेर राहतात, असे आढळू लागले. पटल वाकते ठेवणारे द्रव्यच दृढीकरणाच्या आड येते, ही या क्षेत्रातील मूळ पेचाची जागा होय. आणि ती रसायनज्ञांना नव्याने सापडली असली तरी मागावरच्या खळीत तेल किंवा चरबी किती घालावी हा प्रश्न विणकरांपुढे पूर्वीपासून होताच.

एक उपप्रवाह मात्र खरोखरच मनोरम आहे. १८७४ मध्ये नेगेली या शास्त्रज्ञाने पिष्टाचे कण थंड आम्लात दीर्घकाळ ठेवून न विरघळणारा स्फटिकी अवशेष मिळविला होता. ग्रनोबलच्या शास्त्रज्ञांनी तीच रीत सुधारून २००३ मध्ये पिष्टाच्या अवघ्या पाचसात नॅनोमीटर जाडीच्या चपट्या स्फटिकांचे रूप सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले, आणि २००६ मध्ये ते स्फटिक पिष्टाच्याच पटलात घालून त्यास बळकटी आणली. पिष्टास पिष्टानेच बळ देण्याचा हा प्रकार होय. नेगेलीला पिष्टकणाची घटना जाणून घ्यावयाची होती. त्याचा अवशेष सव्वाशे वर्षांनी भरणद्रव्य म्हणून कामास आला.

या विषयावरील लेखांची संख्या आता इतकी झाली आहे की त्यांतील निष्कर्षांची तुलना करणे हेच एक संशोधन होऊन बसले आहे, आणि ते सोपे नाही. कोणी पटले कमी आर्द्रतेत ठेवून ओढून पाहिली, कोणी अधिक. कोणी दोन दिवसांची, कोणी महिन्याची. ग्लिसरीनचे प्रमाण तर प्रत्येकाचे निराळे. पिष्ट हे द्रव्य हवेतील ओलाव्याने क्षणोक्षणी बदलणारे असल्याने ‘ताणबळ इतक्या टक्क्यांनी वाढले’ या वाक्यास आर्द्रता व वय सांगितल्यावाचून काहीच अर्थ उरत नाही. तरीही तशी वाक्ये सारांशांतून मुक्तपणे आढळतात. प्रयोगशाळेत बशीत वाळविलेले पटल आणि कारखान्यात ताशी शेकडो किलो निघणारे पटल यांतील अंतरही असेच बहुधा अनुल्लेखित राहते. तंतुक पाण्यात विरल स्वरूपातच नीट पसरलेले राहतात. वाळविले की ते आपापसांतच चिकटून गोळे बनतात आणि मग पुन्हा सुटे होत नाहीत. पाणी घालवावे तर तंतुक जातात, ठेवावे तर ते वाहून नेण्याचा व आटविण्याचा खर्च डोईजड होतो.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली, तीत रोपवाटिका, शेती व घनकचरा यांसाठीच्या कंपोस्टयोग्य पिशव्यांस सवलत दिली होती. सवलत आली की तिचा अर्थ ठरवावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नियंत्रित उष्ण कंपोस्टात १८० दिवसांच्या आत पिशवीतील कर्बाचा शेकडा ९० भाग वायुरूप व्हावा लागतो. नुसते तुकडे पडून भागत नाही. १९९०च्या खटल्यांतील शब्दच्छल या कसोटीने बराचसा मिटला. दृढीकरणाच्या मार्गात मात्र तिने एक नवे टोक उभे केले. पाणी आत येऊ न देणारे जाळे सूक्ष्मजंतूंच्या विकरांनाही अडविणार, हे ओघाने आले. सेल्युलोजचे स्फटिक तर मऊ पिष्टापेक्षा पचावयास मुळातच जड. म्हणून दर नव्या पटलाची दोन मापे जोडीने घ्यावी लागतात, ते किती ताण सोसते आणि ते किती दिवसांत मातीस मिळते.